लस टोचल्यावर जनावराच्या शरीरात काय घडते ?

जनावरांना रोगप्रतिबंधक लस टोचून घ्यावी, हे आता खेडोपाडीच्या शेतकऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडणारा बुळकांडी रोग लशीच्या बळावर पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झाला, आणि २०११ साली तसे अधिकृतपणे जाहीरही करण्यात आले. तथापि लस टोचल्यावर तिचा गुण यावयास दिवस का लागतात, एकदा टोचलेली लस सहा महिन्यांनी पुन्हा का टोचावयाची, शेजारच्या गोठ्यात रोग शिरल्यावर घाईघाईने टोचलेली लस पुष्कळदा वाया का जाते, या प्रश्नांची उत्तरे फार थोड्यांना देता येतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याला मात्र हे प्रश्न दारोदार विचारले जातात. “मागल्या खेपेला टोचली होती की, पुन्हा कशाला?” असे म्हणून शेतकरी दावे सोडून गाय रानात घेऊन जातो. अशा वेळी “वरून हुकूम आहे” एवढेच उत्तर दिले तर त्याचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये.

या सर्व प्रश्नांची उत्तरे शरीरातील एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशींच्या कामात सापडतात. या पेशींना बी-पेशी म्हणतात. या नावातील ‘बी’चा शेतात पेरावयाच्या बियाशी काही संबंध नाही. ते इंग्रजी अक्षर असून ते कोंबडीच्या पोटातून आले आहे.

नावाची हकीकत

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. कोंबडीचे शरीर उघडून पाहताना त्यांना आतड्याच्या अगदी शेवटी, मलद्वाराच्या वरच्या अंगास, एक लहानशी पिशवी आढळली. त्यांच्या पश्चात १६२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. कोंबड्याचे वीर्य साठविण्यासाठी ही पिशवी असावी, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा ठरला, पण पिशवीला त्यांचे नाव चिकटले ते कायमचे. लॅटिन भाषेत पिशवीस ‘बर्सा’ म्हणतात. कोवळे पिल्लू कापताना नीट पाहिल्यास ही बोराएवढी पिशवी कोणासही दिसेल. पक्षी वयात आल्यावर ती आक्रसत जाते, त्यामुळे म्हाताऱ्या कोंबडीत ती सहसा सापडत नाही.

पुढे तीनशे वर्षे या पिशवीचा उपयोग कोणासच उमगला नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा कुक्कुटशास्त्राचा विद्यार्थी तिच्या मागे लागला. लहान पिल्लांच्या पोटातील बर्सा कापून काढावी आणि पुढे काय होते ते पाहावे, असा त्याचा क्रम होता. पिल्ले वाढली, मोठी झाली, त्यांच्यात काही उणे दिसेना. मग टिमथी चँग या दुसऱ्या विद्यार्थ्यास वर्गापुढे एक प्रयोग करून दाखवावयाचा होता. साल्मोनेला जातीचे जंतू टोचले असता कोंबडीच्या रक्तात त्यांविरुद्ध प्रतिपिंडे कशी तयार होतात, ते त्याला दाखवावयाचे होते. त्यासाठी त्याने ग्लिककडून कोंबड्या मागून नेल्या. त्यांतील बर्सा काढलेल्या काही कोंबड्या मेल्या, आणि ज्या जगल्या त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडेनात. वर्गातील प्रात्यक्षिक फसले, पण तीनशे वर्षांचे कोडे उलगडण्यास त्यातूनच आरंभ झाला. या संशोधनाचा निबंध एका नामांकित शास्त्रीय साप्ताहिकाने परत पाठविला. अखेर १९५६ साली तो कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात छापून आला आणि वैद्यकशास्त्रातील मंडळींचे त्याकडे काही वर्षे लक्षच गेले नाही. कोंबड्यांच्या मासिकात माणसाच्या आजारावरील ज्ञान सापडेल, असे त्यांना वाटले नसावे.

१९६५ साली मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी अमेरिकेतच, मिनेसोटा येथे, हे काम पुढे नेले. नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या काही पिल्लांची बर्सा त्यांनी काढली, तर काहींची मानेतील थायमस ग्रंथी काढली, आणि सर्वांवर क्ष-किरणांचा मारा केला. बर्सा काढलेल्या पिल्लांत प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीच नव्हत्या. थायमस काढलेल्या पिल्लांत प्रतिकाराची दुसरी बाजू लंगडी पडली होती. यावरून प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या दोन जाती आहेत हे स्पष्ट झाले. थायमसमध्ये तयार होतात त्या टी-पेशी आणि बर्सात तयार होतात त्या बी-पेशी, अशी नावे पुढे रूढ झाली.

गाय, म्हैस, शेळी, माणूस यांच्या शरीरात बर्सा नसते. त्यांच्या बी-पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत जन्मास येतात. मेंढीत तर कोकराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील गाठी या कामी मोठा वाटा उचलतात. जागा निराळी असली तरी काम एकच असल्यामुळे कोंबडीवरून पडलेले नाव सर्वत्र चालू राहिले.

निवडक बियाण्यासारखी निवड

रोगजंतू अगणित प्रकारचे आहेत. शरीराने पूर्वी कधी न पाहिलेला जंतू आत शिरला तर त्याच्यावर नेमके लागू पडणारे औषध शरीर कसे बनविते? प्रत्येक जंतूबरहुकूम शरीर नवा साचा तयार करीत असावे, असे पूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटे. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील मॅकफार्लेन बर्नेट यांनी याच्या उलट विचार मांडला, आणि तोच पुढे खरा ठरला. तो शेतकऱ्यास चटकन समजण्यासारखा आहे.

तुरीच्या शेतावर मर रोग पडला की बहुतेक झाडे वाळून जातात, पण एखादे-दुसरे झाड हिरवेगार उभे राहते. रोग आला म्हणून त्या झाडात हा गुण आला असे नव्हे. तो त्याच्या अंगी आधीपासूनच होता, रोगाने फक्त तो उघड केला. जाणता शेतकरी त्या झाडाचे बी राखतो, पेरतो, वाढवितो. शरीरही नेमके हेच करते. जनावर जन्मते तेव्हापासून त्याच्या अंगात कोट्यवधी बी-पेशी तयार होत असतात, आणि प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एक निराळ्या घडणीचा आकडा असतो. एका पेशीवरील सर्व आकडे एकाच घडणीचे. पत्ते पिसावेत त्याप्रमाणे मोजक्या जनुकखंडांची निरनिराळी जुळणी होऊन ही विविधता निर्माण होते, असे सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ साली दाखविले. त्याबद्दल १९८७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

रोगजंतू अथवा लशीतील जंतूचा अंश शरीरात शिरला म्हणजे तो लसिकाग्रंथींत पोचतो. तेथे तो असंख्य बी-पेशींसमोरून जातो. बहुतेकींचे आकडे त्यात अडकत नाहीत. ज्या थोड्या पेशींच्या आकड्यात त्याचा आकार बरोबर बसतो, त्याच जाग्या होतात. तरीही सहसा त्या एकट्याने काम सुरू करीत नाहीत. टी-पेशींनी दुजोरा द्यावा लागतो. शरीराच्या स्वतःच्याच अंशावर भलतीच पेशी उठू नये, यासाठी हा एक पहारा आहे. दुजोरा मिळाला की निवडलेली पेशी दुभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी तिची फौज उभी राहते. गाईच्या मानेत लस टोचल्यावर काही दिवस खांद्यापुढील गाठ हातास मोठी लागते. ती सूज रोगाची नव्हे, तेथे ही भरती चाललेली असते.

या वाढीत आणखी एक गोष्ट घडते. दुभागताना पेशींच्या आकड्यांत बारीक बारीक फेरफार होतात. काही आकडे पूर्वीहून सैल पडतात, तर काही जंतूस अधिक घट्ट धरतात. सैल आकड्यांच्या पेशी मरून जातात आणि घट्ट धरणाऱ्यांची पुन्हा वाढ होते. बियाण्याची पिढीगणिक निवड करून वाण सुधारावा, तसा हा प्रकार आहे. त्यास बारा महिन्यांचा हंगाम न लागता दोन-तीन आठवडे पुरतात, एवढाच फरक.

अशा रीतीने वाढलेल्या पेशींपैकी पुष्कळशा शेवटी एकाच कामाला जुंपल्या जातात. आपल्या आकड्यासारख्याच घडणीची प्रथिने त्या रक्तात सोडू लागतात. हीच प्रतिपिंडे होत. हे काम करणाऱ्या पेशी कोणत्या, हे स्वीडनमधील आस्ट्रिड फाग्रेउस यांनी १९४८ साली दाखवून दिले होते. एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर टाकते. प्रतिपिंडाचा आकार बेचक्यासारखा असतो. त्याची दोन टोके जंतूस धरतात. विषाणूस प्रतिपिंडे चहूबाजूंनी चिकटली म्हणजे त्याला शरीराच्या पेशींत शिरताच येत नाही. धनुर्वाताच्या जंतूचे विष प्रतिपिंडांनी वेढले म्हणजे ते निरुपद्रवी होते. जिवाणूंना चिकटलेली प्रतिपिंडे जणू खूण ठरतात, आणि जंतू गिळणाऱ्या पेशी ती खूण पाहून तुटून पडतात. सर्वच रोगांवर मात्र ही मात्रा चालत नाही. क्षयाचा जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि तेथे प्रतिपिंडांचा हात पोचत नाही. ते काम टी-पेशींकडे असते.

घटसर्पाची घाई

आता मूळ प्रश्नांकडे वळू. निवड, दुजोरा, वाढ, प्रतिपिंडांची निर्मिती या सर्वांस वेळ लागतो. पहिल्यांदाच लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात आठवडाभरात प्रतिपिंडे दिसू लागतात, पण पुरेसे संरक्षण येण्यास दोन ते तीन आठवडे जातात.

घटसर्पाचा जंतू इतका वेळ देत नाही. गळ्याला सूज, घरघर, ताप ही लक्षणे दिसू लागल्यापासून पुष्कळदा २४ तासांच्या आत जनावर दगावते. म्हणजे जंतू तासांच्या हिशेबाने वाढतो आणि बी-पेशी दिवसांच्या हिशेबाने. ही शर्यत पहिल्या पावसानंतर, गावात एखादी म्हैस मेल्यावर सुरू केली, तर ती बहुधा हरावी लागते. पावसाळ्यापूर्वीच, वैशाख-ज्येष्ठात, घटसर्पाची लस टोचून घ्यावी असा जो आग्रह धरण्यात येतो, त्याचे कारण हे आहे. रोग आल्यानंतर टोचलेली लस निरुपयोगी असे नव्हे, अद्याप लागण न झालेली जनावरे तिने वाचू शकतात. परंतु लस टोचल्यावर चार दिवसांनी जनावर मेले, तर ते लशीने मेले असे म्हणणे न्यायाचे नाही. जंतू अंगात आधीच शिरलेला असतो आणि लशीला काम करण्यास अवसर मिळालेला नसतो. गावोगाव लशीविषयी जे गैरसमज पसरलेले आहेत, त्यांतील बरेचसे अशा चार दिवसांतील मृत्यूंतून निघाले आहेत. म्हणून साथीच्या गावात लस टोचण्यापूर्वीच कार्यकर्त्याने ही गोष्ट गोठ्याच्या मालकास स्पष्ट सांगावी. मागाहून दिलेला खुलासा सबबीसारखा वाटतो.

लस टोचल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप येणे, दूध किंचित घटणे, टोचल्या जागी गाठ येणे, हे शरीराचे काम सुरू झाल्याचे चिन्ह असते. ते आपोआप निवळते. दुधाचे चार पैसे बुडतील म्हणून लस टाळणाऱ्यास लाळ-खुरकुताने बसलेल्या गाईचे दूध किती दिवस बंद पडते, ते विचारून पाहावे.

आठवण ठेवणाऱ्या पेशी

निवडलेल्या बी-पेशींपैकी सर्वच कामाला लागत नाहीत. काही मागे राहतात, शांत पडून असतात आणि वर्षानुवर्षे जगतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला की निवडीचे सारे काम पहिल्यापासून करावे लागत नाही. तीन-चार दिवसांतच प्रतिपिंडे वाढू लागतात, पहिल्याहून कितीतरी अधिक तयार होतात आणि अधिक घट्ट धरतात. वासरास पहिली लस टोचल्यावर महिन्याने दुसरी मात्रा देतात, ती या स्मृतिपेशींची संख्या वाढविण्यासाठी. पहिली मात्रा घेऊन दुसरी चुकविणे म्हणजे पेरणी करून कोळपणी न करणे होय.

मग लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी का? याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, या लशीतील विषाणू मारलेला असतो. जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूची लस शरीरात काही काळ वाढते आणि बी-पेशींना दीर्घ सराव देते. मेलेल्या विषाणूचा सराव थोडक्यात आटोपतो, त्यामुळे रक्तातील प्रतिपिंडांची पातळी काही महिन्यांत उतरते. स्मृतिपेशी असतात, पण हा विषाणू इतक्या वेगाने पसरतो की त्या जाग्या होईपर्यंत तोंडात फोड उठलेले असतात. रक्तात प्रतिपिंडे आधीपासून तयारच असावी लागतात. दुसरे कारण विषाणूच्या प्रकारांचे. आपल्या देशात या रोगाचे ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ असे तीन प्रकार आढळतात. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यास धरीत नाहीत, म्हणून लशीत तिन्ही प्रकार एकत्र घातलेले असतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण कार्यक्रमात ही लस सहा-सहा महिन्यांच्या अंतराने मोफत टोचली जाऊ लागली.

याच्या उलट उदाहरण २०२२ साली महाराष्ट्राने पाहिले. गाईबैलांत लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली, तेव्हा गाईंना चक्क शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. “शेळीची लस गाईला कशी चालेल?” अशी शंका अनेक गावांत निघाली होती. ती स्वाभाविकही होती. पण लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचे आकार इतके मिळतेजुळते की एकाविरुद्ध निवडलेल्या बी-पेशी दुसऱ्यासही धरतात. लस कोणत्या जनावराच्या नावाची आहे हे बी-पेशी पाहत नाही, ती फक्त आकार पाहते.

यावरूनच लस थंड पेटीत ठेवण्याचे महत्त्व ध्यानात येईल. लाळ-खुरकुताच्या लशीतील विषाणूचा कण उष्णतेने फुटतो. फुटलेल्या तुकड्यांचा आकार मूळ विषाणूसारखा राहत नाही. अशी लस टोचली तर बी-पेशींना चुकीची ओळख पटते, आणि खरा विषाणू आल्यावर त्या त्याला धड धरू शकत नाहीत. गोठली तरी ही लस बिघडते. २ ते ८ अंश सेल्सिअस हीच तिची जागा. बाटलीत औषध दिसते, सुई टोचली जाते, नोंदवहीत आकडा चढतो आणि संरक्षण मात्र शून्य असते. या चुकीचा पुरावा डोळ्यांना कधीच दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक सावध राहावयास हवे. जनावर जंताने पोखरलेले वा उपाशी असेल तरी लस उणी पडते. प्रतिपिंड म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन चाऱ्या-पेंडीतूनच यावयाचे. लसीकरणापूर्वी सुमारे पंधरा दिवस जंतांचे औषध पाजावे, असे सांगतात ते यामुळे.

उसनी प्रतिपिंडे

प्रतिपिंडे एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्यास देता येतात, हे १८९० साली बर्लिन येथे बेरिंग व किटासाटो यांनी दाखविले. सर्पदंशावर सरकारी दवाखान्यात जे औषध टोचतात, ते याच तत्त्वावर तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. घोड्यास नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषाच्या अगदी थोड्या मात्रा हळूहळू वाढवीत टोचतात. घोड्याच्या बी-पेशी त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे बनवितात, आणि ती शुद्ध करून माणसास देतात. त्यांचा गुण ताबडतोब येतो, कारण तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही. पण ही ठेव उसनी असते. काही आठवड्यांत ती संपते आणि मागे स्मृती राहत नाही. एकदा हे औषध घेतलेल्या माणसास दुसऱ्या वर्षी पुन्हा साप चावला तर पुन्हा दवाखाना गाठलाच पाहिजे.

उसन्या प्रतिपिंडांचा सर्वांत मोठा व्यवहार मात्र दवाखान्यात होत नाही, तो रोज गोठ्यात होतो. मानवी मातेच्या नाळेतून बाळास काही प्रतिपिंडे गर्भातच मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या जारेची घडण निराळी असल्यामुळे तेथून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतातच. त्याच्या स्वतःच्या बी-पेशी असतात, पण त्यांची फौज उभी राहण्यास आठवडे हवेत. ही उणीव भरून काढण्यासाठी विण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत जमा होऊ लागतात. उत्तम प्रतीच्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक प्रतिपिंडे असतात. पुढच्या नेहमीच्या दुधात ती नाममात्र उरतात.

निसर्गाने येथे वेळेची मोठी कडक अट घातली आहे. नवजात वासराच्या आतड्यातून ही प्रथिने न पचता, अख्खीच्या अख्खी रक्तात शिरतात. पण हे द्वार फार थोडा वेळ उघडे असते. पहिल्या सहा तासांत ते सताड उघडे असते, मग ते मिटू लागते आणि सुमारे २४ तासांनंतर बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक पोटास लाभतो, रक्तास नाही. अनेक गावांत जार पडेपर्यंत वासराला आचळाला लावीत नाहीत. जार पडावयास आठ-दहा तास सहज लागतात, कधी अधिकही. तेवढ्यात वासराचा अत्यंत मोलाचा काळ निघून जातो आणि पुढे हगवणीने अथवा फुफ्फुसाच्या दाहाने ते दगावले म्हणजे दैवास दोष दिला जातो. वास्तविक वासरू ढुसण्या देऊ लागले की पान्हा सुटतो, गर्भाशयही आकुंचन पावते आणि जार पडण्यास त्याची मदतच होते. वासराच्या वजनाच्या एकदशांश चीक, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच लिटर, पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे. त्यांपैकी निम्मा पहिल्या दोन तासांत व उरलेला बारा तासांच्या आत पाजावा.

खरवसाचीही येथे आठवण करणे भाग आहे. नेहमीचे दूध तापवून थिजत नाही, चीक मात्र थिजतो, याचे कारण त्यातील प्रथिनांचे भरमसाट प्रमाण होय, आणि त्यांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो. म्हणजे घरातील मंडळी पहिल्या धारेचा घट्ट खरवस वाखाणतात तेव्हा ती वासराच्या वाट्याच्या प्रतिपिंडांचीच तारीफ करीत असतात. खरवस करूच नये असा याचा अर्थ नाही. चांगली गाय वासराच्या गरजेहून अधिक चीक देते. पहिल्या धारा वासरास पोटभर गेल्यानंतर उरलेल्या चिकाच्या खरवसास कोणाचीच हरकत असू नये. तापविलेला चीक मात्र वासरास पाजू नये. उकळीने प्रतिपिंडे मोडतात. बर्फपेटीची सोय असलेल्या गोठ्यात जादा चीक गोठवून ठेवावा आणि आई मेलेल्या वा आटलेल्या वासरास तो कोमट पाण्यात बाटली धरून वितळवून पाजावा.

आईकडून आलेली प्रतिपिंडे काही महिने टिकतात. तोवर लस टोचली तर ती प्रतिपिंडेच लशीतील विषाणूस वेढून टाकतात आणि वासराच्या स्वतःच्या बी-पेशींपर्यंत तो पोचू देत नाहीत. म्हणून लाळ-खुरकुताची पहिली लस वासरास चार महिन्यांचे झाल्यावर टोचतात.

बर्सालाच लागणारा रोग

ज्या पिशवीवरून बी-पेशींना नाव मिळाले, तिच्यावरच घाला घालणारा एक रोग कुक्कुटपालकांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील डेलावेअर राज्यातील गंबोरो गावाजवळ तो प्रथम आढळला व १९६२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यावरून त्यास गंबोरो म्हणतात. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो होतो. विषाणू बर्सात शिरतो आणि तेथील कोवळ्या बी-पेशी मारतो. पिशवी आधी सुजते, क्वचित रक्ताळते, आणि आठवड्याभरात वाळल्या बोरासारखी चिमते. काही पिल्ले मरतात. परंतु जी वाचतात त्यांचे नुकसान पुढे दिसते. त्यांच्या अंगी बी-पेशींचा तुटवडा असल्यामुळे राणीखेत, म्हणजे मानमोडीची लस वेळेवर देऊनही ती लागू पडत नाही. मालक लशीला दोष देतो, लस विकणारा मालकास दोष देतो, आणि खरे कारण मेलेल्या पिल्लाचे पोट उघडून पिशवी पाहिल्याखेरीज कळत नाही. म्हणून मानमोडीची लस वारंवार फसत असेल त्या शेडमध्ये पशुवैद्यकाकडून मेलेल्या पिल्लांची बर्सा अवश्य तपासून घ्यावी.

हा विषाणू चिवट असतो. साध्या झाडलोटीने तो जात नाही, शेडमध्ये कित्येक महिने टिकतो. जुने तूस संपूर्ण काढून दूर न्यावे, जमीन धुऊन जंतुनाशक फवारावे आणि काही दिवस शेड रिकामी ठेवावी. लशीची वेळ येथेही आईच्या प्रतिपिंडांवर अवलंबून असते. कोंबडीकडून अंड्याच्या बलकातून पिल्लास मिळालेली प्रतिपिंडे ओसरू लागतील, पण रानटी विषाणू अद्याप पोचला नसेल, अशा मधल्या थोड्या दिवसांत ती द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ती पिण्याच्या पाण्यातून देतात. त्या पाण्यात आदल्या दिवसापासून ब्लीचिंग पावडर वा अन्य जंतुनाशक नसावे, नाही तर लशीतील जिवंत विषाणू भांड्यातच मरतो. लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास साय काढलेल्या दुधाची भुकटी आधी मिसळल्यास पाण्यातील उरलासुरला क्लोरिन निष्प्रभ होतो. पिल्लांचे पाणी तासभर आधी काढून घ्यावे, लशीचे पाणी सकाळच्या गारव्यात ठेवावे, आणि सर्व पिल्लांनी मिळून ते दोन तासांत संपवावे, इतकेच मोजून करावे.